वर्कशॉपसाठी घेतलेली रक्तस्राव-पेटी: टूर्निकेट भक्कम, माहितीपत्रक अपुरे

आमच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपसाठी ऑनलाइन मागवलेल्या या पेटीत पीळ देण्याची दांडी असलेले टूर्निकेट (रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायावर आवळायचा पट्टा), जखमेत भरण्याची गॉझपट्टी, दाबपट्टी आणि कात्री आहे. टूर्निकेट समाधानकारक आहे: पट्टा सुमारे 4 सेंटिमीटर रुंद असल्याने तो सुतळीसारखा कातडीत न रुतता धमनीवर पुरेसा दाब देतो आणि पिळलेली दांडी खाचेत घट्ट बसते. जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत ते आवळायचे, बांधल्याची वेळ लिहून ठेवायची आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करायचे नाही. साधारण 2 तासांच्या आत ते डॉक्टरांच्या हाती सुटले, तर हातापायाला सहसा कायमची इजा होत नाही. जांघेत किंवा काखेत मात्र ते बांधताच येत नाही, तेथे गॉझ खोलवर भरून जोराने दाबून धरावी लागते, आणि नेमका हाच भाग माहितीपत्रकात नाही. वेळ लिहायला पेनही दिलेले नाही. आम्ही पेटीलाच मार्कर बांधला. सरावात पट्टा बराच दुखतो, पण तो दोष नव्हे. कात्री मात्र जाड जीन्सपुढे हरली, ती आम्ही बदलली.