पर्मिशन नंबर: प्रोफेसर हो म्हणतात, पोर्टल नाही म्हणतं

अमेरिकेतल्या कॉलेजात एखाद्या क्लासला इन्स्ट्रक्टरची परवानगी लागत असली की प्रोफेसरांकडून नंबर आणायचा आणि पोर्टलमध्ये टाकायचा, कागदावर एवढंच काम. कुठे ॲड कोड म्हणतात, कुठे ओव्हरराइड. आमच्या कॉलेजची (नाव राहू दे) ही सोय नुकतीच वापरली म्हणून लिहितेय, पाचपैकी तीन स्टार, आणि तेही माणसांमुळेच.

प्रोफेसर मस्त निघाले, दुसऱ्या दिवशी रिप्लाय. मी ईमेल एकदम छोटं ठेवलेलं, सब्जेक्टमध्येच कोर्स नंबर आणि सेक्शन, खाली स्टुडंट आयडी, प्रीरिक्विझिटच्या (म्हणजे आधी करावा लागणाऱ्या कोर्सच्या) जागी कुठला कोर्स केलाय ते आणि अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट जोडली, बास. आपल्याकडची "रिस्पेक्टेड सर" वाली सुरुवात नको, सरळ डिअर प्रोफेसर आणि आडनाव. आणि कॉलेजच्याच ईमेल आयडीवरून पाठवा, नाहीतर समोरच्याला कळणार कसं की तुम्ही तिथलेच स्टुडंट आहात. घरच्या अडचणींचा निबंध लिहू नका प्लीज, त्यांना फक्त बघायचं असतं की या पोरीला क्लास झेपेल का आणि याच सेमिस्टरला का हवाय.

आता पोर्टल. नंबर टाकला तर एरर, क्लास फुल आहे. अरे माहितीये फुल आहे, म्हणून तर नंबर आणला ना! हेल्पडेस्क म्हणे डिपार्टमेंटला विचारा, डिपार्टमेंट म्हणे नंबर तर बरोबर आहे. मग ऑफिसातल्या एका काकूंनी स्क्रीन उघडून बघितलं तेव्हा कळलं की नंबर बनवताना तिकडे वेगवेगळे टिक असतात, क्लास फुल असला तरी घ्या याचा वेगळा, प्रीरिक्विझिट नसलं तरी चालेल याचा वेगळा, कन्सेंटचा, म्हणजे प्रोफेसरांच्या परवानगीचा, वेगळा. माझ्या नंबरवर फक्त कन्सेंटचा टिक होता. त्यांनी दुसरा टिक मारला आणि काम झालं, मिनिटभराचं, पण हे एररमध्ये लिहायला काय जातं यांचं? इथेच दोन स्टार गेले.

म्हणून नंबर मागतानाच लिहा की क्लास फुलही आहे आणि प्रीरिक्विझिटही अडतंय, म्हणजे ते दोन्ही टिक करून देतील. नंबर एकदाच चालतो, त्याला शेवटची तारीख असते, आणि फी बाकी म्हणून होल्ड लागला असेल, म्हणजे तुमची नोंदणीच अडवलेली असेल, तर तो काही या नंबरने हटत नाही. आणि नंबर आला म्हणजे क्लास मिळाला असंही नाही हां, एनरोल तुम्हालाच करायचंय.

एफ-१ व्हिसावर (स्टुडंट व्हिसा) अंडरग्रॅड असाल तर अजून एक, तुम्हाला सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट लागतात, त्यात ऑनलाइनचा एकच क्लास धरतात, त्यामुळे नवीन मिळायच्या आधी जुना क्लास ड्रॉप करून बसू नका. पोर्टलमध्ये स्वॅप असेल तर तेच वापरा, नवीन लागला तरच जुना जातो. (हे फीचर मात्र झकास आहे, मान्य.) आणि नंबर वीकेंडला संपणार असेल तर शुक्रवारी ऑफिस चालू असतानाच टाकून बघा, एकदा बंद झालं की सोमवारपर्यंत काकू नाहीत.