जर्मनीसाठी कन्सल्टंट, अकरा महिने वापरून

ऑगस्ट 2024 मध्ये, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू होताना, जर्मनीत मास्टर्सच्या प्रवेशासाठी मदत करणाऱ्या पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीचं पॅकेज घेतलं. आता व्हिसा हातात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नाव देत नाही. हॉस्टेलवर ज्या ज्या मुलींनी असं पॅकेज घेतलं त्यांच्याशी बोलले, तर पाटी वेगळी असली तरी आतला कारभार बहुतेक हाच निघाला. माझं प्रोफाइल: मेकॅनिकल, सीजीपीए 10 पैकी 8.2, बॅकलॉग नाही, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत 7. मास्टर्स, विंटर सेमिस्टर 2025.

पहिल्याच भेटीत दोन दर सांगितले. सरकारी युनिव्हर्सिटी हवी असेल तर 65 हजार, तीन हप्त्यांत. प्रायव्हेट हवी असेल तर सगळी सेवा फुकट. मॅडम फारच गोड बोलत होत्या, "प्रायव्हेटला सीट पक्की गं, टेन्शन नाही." रात्री बाबांना फोनवर सांगितलं. ते सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. म्हणाले, "फुकट? मग त्याच्या हापिसाचं भाडं कोण भरतंय? दलाली कोण देतोय ते बघ की आधी." शोधलं तर सरळ हिशोब होता. तिकडची खासगी विद्यापीठं मुलं पाठवल्याबद्दल एजंटला कमिशन देतात, सरकारी विद्यापीठं देत नाहीत. पुढच्या अकरा महिन्यांत मॅडमनी अजून चार वेळा प्रायव्हेटचा विषय काढला, त्याचं मला मग आश्चर्य वाटलं नाही.

आधी चांगलं सांगते. कागदांच्या बाबतीत ही माणसं पक्की होती. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज कधी टाकायचा, किती प्रती काढायच्या, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं याचा दाखला वेगळा घ्यायचा, पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का, हे सगळं त्यांनी वेळेत मागे लागून करून घेतलं. एपीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून जर्मनीकडून मिळणारा दाखला, नोव्हेंबर 2022 पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी बंधनकारक आहे. त्याची फी 18,000 रुपये, आणि ते हातात यायला वेळ लागतो. आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा "आधी अॅडमिशन येऊ दे, मग बघू" म्हणत बसला आणि त्याचा अख्खा इन्टेक, म्हणजे त्या वेळची प्रवेशाची फेरी, गेला. मी एकटी असते तर मीही तेच केलं असतं. पहिला हप्ता इथेच वसूल झाला.

बोंब झाली ती शॉर्टलिस्टमध्ये, म्हणजे अर्ज कुठे कुठे टाकायचे त्या कोर्सच्या यादीत. भारतातले मार्क जर्मन पद्धतीत बसवायला बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात: जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि पास होण्यापुरते गुण यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. तिकडे 1 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे काठावर पास. त्यांच्या एक्सेलमध्ये माझा ग्रेड 2.08 आला आणि जिथे 2.0 ची अट होती ते दोन कोर्स लाल करून टाकले. त्यातला एक मला मनापासून हवा होता. रात्री खोलीवर गुणपत्रिका उलटी करून बघितली. मागे बारीक अक्षरात पासिंगचा ग्रेड पॉइंट 4 छापलेला. त्यांनी 5 धरला होता. 4 धरला की माझे 1.9 होतात! दुसऱ्या दिवशी दाखवलं तर उत्तर आलं, "आम्ही सगळ्यांना 5 च धरतो, सेफ साइड." सेफ कुणासाठी, ते विचारायचं राहिलं.

एसओपीची, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणाऱ्या निबंधाची, गंमत वेगळीच. पॅकेजमध्ये "कस्टमाइज्ड एसओपी" होतं. माझ्या मसुद्याची सुरुवात अशी, की लहानपणी मी खेळण्यातली गाडी उघडून बघितली आणि तिथून मला यंत्रांचं वेड लागलं. माझ्याकडे खेळण्यातली गाडी कधी नव्हती, भातुकली होती. शेजारच्या खोलीतली मुलगी त्यांचीच क्लायंट, तिनेही तीच गाडी उघडली होती. मी सगळं फेकून दिलं आणि आमच्या बीई प्रोजेक्टवर, हळद वाळवायच्या ड्रायरवर, दीड पान स्वतः लिहिलं. एलओआरचं, म्हणजे सरांच्या शिफारसपत्राचं, काय सांगायचं, ते तर सगळ्या कॉलेजांत सारखंच: "तूच लिहून आण, मी सही करतो." फक्त सरांचा कॉलेजचा ईमेल आयडी घ्या. बऱ्याच फॉर्मना जीमेल चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जाणारं काम पॅकेजमध्ये नव्हतंच. बरेच कोर्स विषयवार तक्ता मागतात: गणिताचे इतके ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), मेकॅनिक्सचे इतके, थर्मोचे इतके. आपला क्रेडिट आणि त्यांचा क्रेडिट एक नव्हे. 1 ईसीटीएस म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही धरतात. "सिलॅबसची पीडीएफ जोडून टाक," एवढंच मॅडम म्हणाल्या. मी चार रविवार बसून प्रत्येक विषयाचे तास, युनिट आणि तिकडचा जवळचा विषय एका ओळीत लावला. आपला "इंजिनीअरिंग मॅथ्स तीन" कोणत्या खणात टाकायचा यावर एक अख्खी दुपार गेली. ज्या दोन ठिकाणी हा तक्ता मन लावून भरला, तिथूनच होकार आले. योगायोग असेलही.

65 हजारांत काय नव्हतं, तेही लिहून ठेवते. युनि-असिस्टची (बऱ्याच जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज घेऊन तपासणारी संस्था) फी पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30. माझे चार अर्ज तिथून गेले, 165 युरो. बाकीचे तीन त्या त्या विद्यापीठाच्या पोर्टलवरून. व्हिसाचे 75 युरो. आणि ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिकडच्या राहण्याच्या खर्चाचे पैसे व्हिसासाठी आधीच अडकवून ठेवायचं खातं: 11,904 युरो एकदम भरायचे, तिकडे गेल्यावर महिन्याला 992 मिळतात. रुपयांत साडेअकरा लाखांच्या वर गेले, लोन त्यासाठीच काढलं. "जर्मनी फुकट आहे" हे वाक्य ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. पण बाडेन-व्ह्युर्टेमबर्ग या जर्मन राज्यात सरकारी विद्यापीठांतही आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, हे माझ्या शॉर्टलिस्टवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या राज्यातली कार्ल्सरूहे आणि श्टुटगार्टची विद्यापीठं माझ्या यादीत होती. फी मला विद्यापीठाच्या पानावरच कळली.

एकूण सात अर्ज. चार नकार, एक वेटिंग, दोन होकार. त्यातला एक त्या लाल केलेल्या कोर्सचा. तो अर्ज मी त्यांना न सांगता टाकला होता.

परवा तिसरा हप्ता द्यायला ऑफिसात गेले. जिन्यात नवीन फ्लेक्स लागलाय: हसरे चेहरे, जर्मनीचे झेंडे, "आमचे यशस्वी विद्यार्थी". दुसऱ्या ओळीत तिसरा फोटो माझा, आणि खाली त्याच कोर्सचं नाव. मॅडम म्हणाल्या, "छान आलाय ना फोटो?" मी पावती मागितली.