निऑन पाटीचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर : एक पावसाळा काढल्यानंतर

आधीचा इलेक्ट्रॉनिक सप्लाय भर पावसात जळाला. "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही," एवढं सांगून विक्रेत्याने फोन ठेवला. आमची बेकरी रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्यात. पाटी खऱ्या काचेच्या लाल निऑनची. एलईडी पट्टी लावायचा सल्ला सगळ्यांनी दिला, पण तो रंग मला सोडवेना. म्हणून मे महिन्यात ९००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर बसवला. आता दिवाळी झाली.

पेटण्याबद्दल तक्रार नाही. नळीतला वायू आधी वीज जाऊच देत नाही, म्हणून एवढं व्होल्टेज लागतं. एकदा पेटला की मात्र प्रवाह सुसाट वाढू पाहतो. त्याला आवर घालायला ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी (वीज आत घेणारी गुंडाळी) आणि सेकंडरी (नळीला वीज देणारी गुंडाळी) यांच्या मध्ये लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. प्रवाह वाढला की फ्लक्सचा, म्हणजे गाभ्यातल्या चुंबकीय रेषांचा, मोठा वाटा त्या पट्ट्यांतून परस्पर निघून जातो आणि व्होल्टेज आपोआप उतरतं. वेगळा चोक लागत नाही. या रचनेला पैकीच्या पैकी गुण.

बिलाची धास्ती होती, कारण प्लेटवर २७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लिहिलंय. महिन्याभराने मीटर लावून पाहिलं तर सुमारे १४० वॅट. या ट्रान्सफॉर्मरचा पॉवर फॅक्टरच (व्हीएपैकी खरोखर खर्च होणाऱ्या वॅटचं प्रमाण) कमी असतो आणि आमच्या मीटरवर पैसे युनिटचे, म्हणजे वॅटच्या हिशेबाने लागतात. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर चालवणाऱ्यांनी मात्र २७०च धरावेत.

आता अर्थिंगचा स्क्रू. सेकंडरीचा मध्यबिंदू बॉडीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या धातूच्या पेटीला जोडलेला असतो, म्हणून दोन्ही वायरींवर जमिनीच्या मानाने ४५०० व्होल्ट. बॉडीचं अर्थिंग तुटलं तर पत्र्याची अख्खी पाटी धोक्याची होते. ३० मिलिअँपिअर जीव घ्यायला पुरेसे आहेत. आणि कंपनीने दिलाय काय, तर वीज नीट जाऊ न देणाऱ्या रंगावरच आवळलेला बारका लोखंडी स्क्रू! श्रावणात तो गंजून वायर हलायला लागली. इलेक्ट्रिशियनने रंग खरवडून पितळी बोल्ट आणि दातेरी वॉशर लावला. खर्च किरकोळ, पण एवढा महागाचा माल विकणाऱ्याला तो परवडू नये? कंपनीचं उत्तर : "आजवर कोणी तक्रार केली नाही." याचा मला अजून संताप येतो.

पाच ताऱ्यांतले दोन मी या स्क्रूपायीच कापतोय. घेणार असाल तर नळीची लांबी ट्रान्सफॉर्मरच्या तक्त्याशी ताडून घ्या आणि दुकानातच अर्थिंगचा स्क्रू उघडायला लावा. खाली रंग दिसला तर तिथेच खरवडून घ्या.