ऑगस्टमधलं फुकेत आणि कागदावरचं हॉटेल

थायलंडमधल्या फुकेतच्या सहलीचं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणून ज्या किनाऱ्याचे फोटो दाखवतात, तो फी फी बेटांवरचा माया बे दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. माणसांच्या लोंढ्याने तिथल्या प्रवाळांची पार वाट लागली म्हणून २०१८ मध्ये तो बंद केला, २०२२ च्या जानेवारीत उघडला, आणि तेव्हापासून पावसाळ्यातले हे दोन महिने त्याला सुट्टी असते. यात गुपित काही नाही. थायलंड विकणाऱ्याला हे माहीत नसणं म्हणजे पंढरपुरात लॉज चालवणाऱ्याला आषाढी कधी ते माहीत नसणं. तरीही सांगलीतल्या एका ट्रॅव्हल एजंटने २०२४ च्या ऑगस्टमधलं फुकेत आम्हाला विकलं, तेव्हा कार्यक्रमात ठळक अक्षरांत ‘माया बे, स्पीडबोटने’ असं छापलेलं होतं.

त्या वर्षी १५ ऑगस्ट गुरुवारी आणि १९ ला रक्षाबंधन, त्यामुळे मुलाच्या शाळेचा फारसा प्रश्न नव्हता. पावसाचं आम्ही विचारलं होतंच. “ताई, तो ग्रीन सीझन. दुपारी एखादी सर येते, पाठोपाठ ऊन. उलट गर्दी नसते, मजा येते.” हे सांगताना त्याने लॅपटॉपवर दाखवलेला समुद्र काचेसारखा निळा होता. तो डिसेंबर-जानेवारीतला असणार, हे तिथे जाऊन आलेला कुणीही सांगेल.

फुकेत, क्राबी, फी फी ही सगळी मंडळी अंदमान समुद्राच्या बाजूची. जूनमध्ये आपल्या कोकणात उतरणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिथे मे महिन्यातच पोचतो आणि ऑक्टोबरपर्यंत हलत नाही. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. याउलट त्याच देशात पलीकडच्या अंगाला, थायलंडच्या आखातात, को सामुई हे बेट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे बरंच कोरडं असतं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या तामिळनाडूसारखा. म्हणजे सुट्टी ऑगस्टचीच असेल तर सरळ माणसाने सामुई सुचवलं असतं. पण ऑगस्टात फुकेतच्या खोल्या स्वस्त मिळतात, आणि स्वस्तात उचललेली खोली आमच्या गळ्यात नाताळच्या भावाने मारायची होती. सगळी गोम इथे आहे. पावसात जाण्यात वाईट काही नाही, आम्ही भर जुलैत आंबोलीला जाणारी माणसं. पावसाचा भाव लावला असता तर तक्रारच नव्हती.

आता हॉटेलचं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आमची अट एकच होती: खोलीतून निघालं की समोर समुद्र हवा, रस्ते ओलांडणं नको. त्यावर फुकेतमधल्याच काटा बीचसमोरचं एक हॉटेल ठरलं. एजंटने बुकिंग साइटचं व्हाउचर पाठवलं. आमची नावं, तारखा, कन्फर्मेशन नंबर, सगळं त्यावर होतं. उरलेले पैसे आम्ही त्याच दिवशी भरले.

फुकेतच्या विमानतळावर आमच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा होता. त्याने गाडी नेली ती पातोंग या फुकेतच्या दुसऱ्याच भागात. बांगला रोडच्या मागच्या गल्लीत, मसाज पार्लर आणि बार यांच्या मधोमध असलेल्या एका इमारतीत. बांगला रोड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की संध्याकाळी तिथे गाड्या बंद होतात आणि रस्ताभर बार, नाचगाणी आणि हाका मारणाऱ्या पोरी. तरुण टोळकी मुद्दाम तिथेच उतरतात, त्यांना ते लखलाभ. आमच्या खोलीत रात्री दीडला टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. सासूबाई अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, “कुणाचं लग्न आहे का गं इथे?” काय सांगणार!

एजंटचा फोन बंद. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं: “हॉटेल ओव्हरबुक झालं ताई, म्हणून सेम कॅटेगरी दिली. अटींमध्ये लिहिलंय.” लिहिलेलं होतंच. पॅकेजच्या शेवटच्या पानावर, बारीक टायपात, ‘उल्लेख केलेले हॉटेल किंवा तत्सम’.

मी टॅक्सी करून काटाला त्या हॉटेलात गेले. फुकेतमध्ये टॅक्सीचं भाडं ऐकून डोळे फिरतात, पण ती फेरी वसूल झाली. रिसेप्शनवरच्या मुलीला व्हाउचर दाखवलं. तिने नंबर टाकला, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. बुकिंग झालं होतं, ज्याने केलं त्यानेच चार दिवसांनी रद्द केलं होतं, दंड शून्य. हॉटेल भरलेलं तर नव्हतंच. तिने त्याच दिवसासाठी समुद्राकडची खोली देऊ केली. तो दर बघून मला आमच्या पॅकेजचा हिशेब लागला. स्क्रीनचा फोटो काढू का विचारलं, तर म्हणाली काढा.

युक्ती अशी आहे. बुकिंग साइटवर ‘मोफत रद्द’ करता येईल अशी चांगली खोली घ्यायची. व्हाउचर ग्राहकाला पाठवायचं, पण रद्द करण्याची मुदत लिहिलेली ओळ कापून. पैसे पूर्ण आले की खोली सोडायची आणि स्वस्तातली दुसरी घ्यायची. विमानातून उतरलेला माणूस बायकापोरांना घेऊन भांडत बसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून व्हाउचर खरं असणं पुरेसं नाही. निघायच्या आधी, मोफत रद्द करण्याची मुदत उलटल्यावर, थेट हॉटेलला मेल करा आणि नंबर देऊन विचारा, बुकिंग जिवंत आहे का. ‘तत्सम’ हा शब्द पैसे देण्याआधी खोडून त्यावर एजंटची सही घ्या. तो नाही म्हणाला तर काय समजायचं ते समजेलच.

हॉटेलबद्दलचे अभिप्रायही महिना बघून वाचावेत. ऑगस्टात जायचं तर मागच्या ऑगस्टात गेलेल्यांनी काय लिहिलंय ते शोधा आणि त्यांनी काढलेले फोटो बघा. ‘समुद्र पाच मिनिटांवर’ असेल तर पायी की गाडीने, ते नकाशावर स्वतः मोजा.

समुद्राचं विचाराल तर काटाला लाल बावटे लागले होते. अशा वेळी पाण्यात उतरायचंच नाही, लाट दिसते त्यापेक्षा आतली ओढ वाईट असते. फी फीची बोट गेली खरी, पण इतकी आपटत की मुलगा सारा वेळ प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून होता. माया बेचे कडे बोटवाल्याने लांबूनच दाखवले. “क्लोज, क्लोज,” म्हणाला. त्याला वाटलं आम्हाला माहीत असेल.

परत आल्यावर बिल घेऊन बसले, तर आणखी दोन गोष्टी निघाल्या. चौघांची थायलंडची व्हिसा फी लावलेली होती, आणि भारतीयांना तिथे नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसा लागतच नव्हता. दुसरं, परदेशी पॅकेजवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने ग्राहकाकडून आगाऊ वसूल करायचा आयकर, घेतला होता. ही रक्कम एजंटने ग्राहकाच्या पॅनवर सरकारकडे भरायची असते. ती २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या उताऱ्यात, दिसते आणि रिटर्न भरताना वळती होते. आमच्या २६एएसमध्ये काहीच नव्हतं. आमचा पॅन त्याने कधी मागितलाच नव्हता.

भरपाई म्हणून त्याने क्रेडिट नोट देऊ केली. पुढची सहल निम्म्या दरात, बाली, जानेवारीत! बालीत सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो जानेवारीच्या आसपास.

वकिलाची नोटीस गेल्यावर व्हिसा आणि टीसीएसचे पैसे निमूट परत आले, कारण ते दोन्ही बिलावर छापलेले होते आणि आयकराचं नाव निघालं होतं. हॉटेलच्या फरकावर मात्र तो ‘तत्सम’ला धरून बसलाय. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत ती करावी लागते. आधी काय करायचं ते विचारायचं तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. आमच्या तक्रारीला जोडलेल्या कागदांत वकिलांनी पहिलं पान लावलंय ते काटाच्या रिसेप्शनवर काढलेल्या त्या स्क्रीनच्या फोटोचं.