सॅक आणि पॅसेंजरचे तिकीट: इटलीतील रेजिओनाले गाड्यांचे परीक्षण

मी चिपळूणला राहते आणि शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी मला मे महिन्याशिवाय दुसरा काळ मिळत नाही. "आंब्याच्या दिवसांत घर सोडून कोण जातं गं?" असे आई म्हणत असतानाही गेल्या मे महिन्यात मी एकटी इटलीला गेले आणि नापोली (नेपल्स), रोम, फिरेन्झे (फ्लॉरेन्स), ला स्पेत्सिया, बोलोन्या आणि व्हेनिसजवळचे मेस्त्रे अशा सहा ठिकाणी मिळून सोळा रात्री राहिले. विमान आणि व्हिसा यांचा खर्च टाळता येण्यासारखा नव्हता. बाकीचा खर्च आवाक्यात ठेवायचा, तर एका शहरातून दुसऱ्या शहरात कसे जायचे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्याचे मला मिळालेले उत्तर म्हणजे 'रेजिओनाले' या नावाने धावणाऱ्या तिथल्या साध्या गाड्या. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. आपल्याकडून एकट्याने, मोजक्या पैशांत जाऊ पाहणाऱ्या माणसाला ती कितपत उपयोगी पडते, एवढेच मी त्यात पाहिले आहे.

इटलीत दोन प्रकारच्या गाड्या आहेत आणि त्यांच्या भाड्यांचा हिशेब पूर्णपणे वेगळा आहे. सरकारी मालकीच्या त्रेनितालियाची फ्रेच्चारोस्सा आणि 2012 पासून धावणारी खासगी इतालो या ताशी 300 किलोमीटरपर्यंत वेग घेणाऱ्या गाड्या. त्यांचे भाडे विमानासारखे वरखाली होते, म्हणजे दोन महिने आधी काढलेले तिकीट स्वस्त आणि आदल्या दिवशीचे कित्येक पट महाग. सर्वांत स्वस्त तिकीट घेतले, तर ते पुढे बहुधा बदलूनही मिळत नाही. रेजिओनाले आणि तिची थोडी वेगवान बहीण रेजिओनाले वेलोचे यांचे भाडे अंतरावर ठरते, ते महिनाभर आधी काढा किंवा गाडी सुटण्यापूर्वी पाच मिनिटे काढा, तेवढेच राहते. आरक्षण नाही, ठरलेली जागा नाही, तिकिटे संपली असे कधी होत नाही. ज्यांनी गणपतीच्या आरक्षणासाठी पहाटेपासून ताटकळत काढले आहे, त्यांना या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

रोम ते फिरेन्झे हे अंतर वेगवान गाडी दीड तासात कापते आणि रेजिओनाले वेलोचेला साधारण पावणेचार तास लागतात. भाडे वीस-पंचवीस युरो, म्हणजे युरोला शंभर रुपये धरले तर दोन-अडीच हजार रुपये. आधी काढलेले वेगवान गाडीचे तिकीटही कधी कधी एवढ्याच किमतीला मिळते, आणि मग साध्या गाडीने का जावे असा प्रश्न कोणीही विचारील. माझे उत्तर असे की एकट्या माणसाला सर्वांत महाग पडते ते बांधले जाणे. एखादे शहर आवडले म्हणून एक दिवस जास्त राहावे, किंवा पावसामुळे एक दिवस आधीच निघावे, असे ठरवताना हातात न बदलणारी पाच तिकिटे असतील तर मन त्या तिकिटांच्याच हिशेबात अडकते. मी पूर्ण प्रवासात आधी तिकीट काढले ते फक्त एकदा, परतीचे विमान गाठण्यासाठी व्हेनिस ते रोम एवढ्या टप्प्याचे. सर्व रेल्वेप्रवास मिळून खर्च दोनशे युरोंच्या आत राहिला. युरोपातील रेल्वेपासाचा विचारही मी केला होता. परंतु वेगवान गाड्यांना पासावरही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात आणि साध्या गाड्यांचे भाडे मुळातच कमी असते, त्यामुळे केवळ इटलीत फिरणाऱ्याला पास परवडत नाही, असे माझे मत झाले.

या सेवेचा एक नियम मात्र जाण्यापूर्वीच नीट समजून घ्यावा. साध्या गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते, आणि ते केले नाही तर खिशात तिकीट असूनही दंड होऊ शकतो. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाचेही गाडीत बसण्यापूर्वी चेक-इन करावे लागते. रोममध्ये पहिल्याच दिवशी मी तिकीट न छापता डब्यात चढले होते. समोरच्या आसनावरील आजींनी माझ्या हातातील कोरे तिकीट पाहिले, खिडकीतून यंत्राकडे बोट दाखवले आणि मी परत येईपर्यंत माझी सॅक आपल्या पायांशी धरून ठेवली. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण दंडापासून मी वाचले ते त्यांच्यामुळे.

फलकांचीही एक रीत आहे. पिवळा छापील तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. 'पार्तेन्झे' म्हणजे प्रस्थान, 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर. या तीन शब्दांवर माझे सोळा दिवस निभावले. फ्लॉरेन्स, व्हेनिस, नेपल्स ही नावे मात्र फलकावर शोधू नयेत, तिथे फिरेन्झे, वेनेत्सिया आणि नापोलीच लिहिलेले असते. फलकावर गाडीचे अखेरचे स्टेशन ठळक दिसते, मधले नाही, म्हणून आपल्या गाडीचा क्रमांक लिहून ठेवणे बरे.

विमानतळावरून रोम शहरात येतानाच पहिली बचत होते. थेट तेर्मिनी स्टेशनला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस 14 युरो घेते, तर त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से आणि तिबुर्तिनामार्गे जाणारी साधी गाडी 8 युरो. मी ओस्तिएन्सेला उतरून मेट्रोने तेर्मिनी गाठले आणि तेथून त्याच दिवशी साध्या गाडीने नापोलीला गेले. त्या प्रवासाला पंधरा युरोंपेक्षा कमी लागले. नापोलीहून पाँपेईला नेणारी लोकल सुमारे पाऊण तासात उत्खननाच्या दारातच उतरवते, आणि इ.स. 79 च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या त्या नगरात माझा सबंध दिवस गेला. रोमविषयी इथे फार लिहीत नाही. तेर्मिनीसारख्या मोठ्या स्टेशनांवर तिकीट-यंत्राजवळ मदतीला म्हणून येणाऱ्या अनोळखी माणसांना नम्रपणे नकार द्यावा आणि सॅक पोटाशी घ्यावी, एवढे सांगणे पुरे. रस्तोरस्ती अखंड वाहणारे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, त्यामुळे पाण्याची बाटली विकत घेण्याची गरज मला पडली नाही.

रोमहून फिरेन्झेला जाताना मी तिकिटाचे दोन तुकडे केले आणि मधे ओर्व्हिएतोला उतरले. भाडे अंतरावर असल्याने तुकडे करूनही फारसे जास्त पडत नाही, आणि ही सोय वेगवान गाडीत मिळत नाही. ओर्व्हिएतो हे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाच्या उंच कड्यावर वसलेले गाव आहे, स्टेशन पायथ्याशी आणि स्टेशनच्या दारातूनच वर नेणारी, तारेने ओढली जाणारी रुळांवरची गाडी. इतर बहुतेक शहरांत तेवढेही लागत नाही, कारण स्टेशन शहराच्या मध्यातच असते. फिरेन्झेचे सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशन आणि तेथील मुख्य चर्च यांत दहा-पंधरा मिनिटांची पायवाट आहे. कोकणात स्टेशन एकीकडे आणि गाव दुसरीकडे असते, रत्नागिरीला उतरल्यावर रिक्षाशिवाय गती नसते. तिथे सोळा दिवसांत मी एकदाही टॅक्सी केली नाही, आणि रेल्वेच्या स्वस्त भाड्याइतकाच या गोष्टीचाही बचतीत वाटा आहे.

या प्रवासाचा मला सर्वाधिक भावलेला भाग ला स्पेत्सियापासून सुरू होणाऱ्या किनाऱ्याचा. रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्नील्या, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही पाच गावे समुद्रावरच्या डोंगरउतारांना चिकटून बसली आहेत आणि लोहमार्ग एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरत त्यांना जोडतो. कोकण रेल्वेवरील करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाण्याची सवय असलेल्या मला बोगद्यांचे अप्रूप नव्हते. पण दोन बोगद्यांच्या मधल्या उघड्या जागेत एकदम निळा समुद्र आणि स्टेशन यावे, आणि फलाटाचा अर्धा भाग बोगद्यातच असावा, हे नवे होते. वेर्नात्साला मी शेवटच्या डब्यात होते, दार उघडले तेव्हा बाहेर काळोख पाहून क्षणभर उतरू की नको असे झाले. तिथे उतरायचे असल्यास मधल्या डब्यात बसावे. कोर्नील्याला स्टेशनपासून गावात जायला साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, मार्लेश्वराला जाणाऱ्यांना त्यांची भीती वाटू नये, परंतु सॅक ला स्पेत्सियालाच ठेवून यावे. या पट्ट्यात नेहमीचा अंतराचा दर लागू होत नाही, हंगामात खास चढे भाडे असते. म्हणून दिवसभर हवे तितके चढता-उतरता येईल असे एकत्रित कार्ड घेणेच फायद्याचे आहे. या सेवेत भाड्याच्या बाबतीत माझी नाराजी असलीच तर ती या एका जागी.

तिथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले आहेत आणि प्रत्येक पायरी चुन्या-मातीविना रचलेल्या दगडी बांधाने अडवलेली आहे. आपण त्याला गडगा म्हणतो. 1997 मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात या गडग्यांचे मोल मोठे आहे. 25 ऑक्टोबर 2011 रोजी झालेल्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलाखाली गेली होती. डोंगरातून आलेल्या लोंढ्याने वेर्नात्साचा मुख्य रस्ताच भरून टाकला होता. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचे पाणी आमच्या बाजारपेठेत शिरले, त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही घराघरांतून चिखल उपसत होतो. म्हणून आज रंगीत आणि नीटनेटक्या दिसणाऱ्या त्या रस्त्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. साध्या गाडीचे तिकीट असल्याने कोणती गाडी चुकली याची फिकीर नव्हती, पुढची थोड्याच वेळात येणार होती.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. या गाड्यांत चहावाला येत नाही, वडापाव येत नाही, काहीच येत नाही. त्यामुळे चढण्यापूर्वी फोकाच्चा पावाचा तुकडा आणि फळे घेऊन ठेवावीत. त्या किनाऱ्यावर फरिनाता नावाचा पदार्थ मिळतो, हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर मोठ्या थाळ्यात भट्टीत भाजलेला. पहिल्या घासालाच आईच्या बेसनाच्या धिरड्याची आठवण झाली. शाकाहारी माणसाचे पोट त्यावर स्वस्तात भरते. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच घ्यावी, बसून घेतल्यास बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात.

ला स्पेत्सियाहून बोलोन्याला जाण्यासाठी मी पार्माला गाडी बदलली. आपेनाइन पर्वत ओलांडणारा तो मार्ग पर्यटकांच्या फारसा वाटेला जात नाही, डबा जवळजवळ रिकामा होता आणि खिडकीबाहेर घाटातल्यासारखी गर्द झाडी होती. बोलोन्याच्या स्टेशनावर एक घड्याळ 10:25 ला थांबवून ठेवले आहे. 2 ऑगस्ट 1980 रोजी त्या वेळी तेथील प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट होऊन 85 माणसे गेली. गाड्या बदलायला आलेली, सुट्टीवर निघालेली माणसे होती ती. मी स्वतः सॅक घेऊन तिथेच गाडीची वाट पाहत उभी होते, आणि त्या घड्याळावरून माझी नजर हटत नव्हती.

मुक्कामांपैकी एका शहरातील स्टेशनजवळच्या वसतिगृहाने मला त्रास दिला. सामान ठेवण्याची सोय असल्याचे आधी कळवूनही निघण्याच्या दिवशी दुपारी ती खोली बंद होती आणि प्रतिरात्र नगरपालिका-कर रोखच मागितला गेला. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी आदल्या रात्रीच विचारून घेण्याची सवय मी लावून घेतली. बायकांच्या खोलीतली खाट मागितली की बहुतेक ठिकाणी मिळते. साध्या गाड्यांतून दिवसा प्रवास करताना मला एकटेपणाची भीती कुठेच वाटली नाही. विद्यार्थी, नोकरदार, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका यांनी डबे भरलेले असतात. रात्री उशिराची गाडी मात्र मी एकदाही घेतली नाही.

संपाविषयीही सांगायला हवे. 'शोपेरो' हा शब्द फलकावर दिसला की त्या दिवशी गाड्या रद्द होऊ शकतात. संपाची सूचना बहुधा आधी दिलेली असते आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवणे बंधनकारक असते. मुक्काम बदलण्याचा दिवस त्यात आला, तर सकाळची पहिली वेळ पकडावी.

परतीच्या वेगवान गाडीत आसन मऊ होते, वक्तशीरपणा उत्तम होता, परंतु बोलोन्या ते फिरेन्झे हा टप्पा जवळजवळ सगळा बोगद्यातच गेला आणि ज्या पर्वताला ओलांडायला पार्माच्या मार्गावर मला दोन तासांहून अधिक लागले होते, तो अर्ध्या-पाऊण तासात न दिसताच मागे पडला. व्हेनिसला जाताना मी मेस्त्रेला राहिले, कारण तिथल्या खाटा स्वस्त आहेत, मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत असल्याने मुक्कामी माणसाला दिवसाचा प्रवेशकर भरावा लागत नाही, आणि दोन युरोंच्या आतल्या तिकिटात दहा मिनिटांत सान्ता लुचिया स्टेशन येते. गाडी खाडीवरच्या लांबलचक पुलावरून जाते, तो लोहमार्ग 1846 सालचा आहे. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, त्यात रोवलेले लाकडी खांब, आणि स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की समोर थेट मोठा कालवा. दुसऱ्या दिवशी पहाटे मी परत तीच गाडी धरली, कामाला निघालेल्या माणसांबरोबर, आणि ती दहा मिनिटे सबंध वेळ दारापाशी उभी राहिले.