डी अँड डी एसेन्शिअल्स किट: 42 रविवार आणि एक हरवलेला शिंगाडा

डब्याचं झाकण आता नीट बसत नाही. एका कोपऱ्याला सेलोटेप आहे, ‘पॉइझन्ड’ लिहिलेल्या कार्डावर तर्रीचा लाल डाग आहे आणि चार बाजूंचा फासा हरवून बरेच दिवस झाले. साडेतीन वर्षं वापरल्यावर लिहायला बसले आहे, त्यामुळे ‘पार्सल वेळेत आलं, पॅकिंग छान’ असा हा रिव्ह्यू नाही. (पार्सलही धड आलं नव्हतंच. कोपरा चेपलेला होता. विक्रेत्याने फोटो मागितले, मी पाठवले, विषय संपला.)

हा प्रकारच ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आपण काय करणार ते तोंडाने सांगतात आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजेच डी अँड डी, अमेरिकेत 1974 साली आला. एसेन्शिअल्स किट हा त्यातला नवशिक्यांचा डबा 2019 चा. आत नियमांचं 64 पानी पुस्तक, साहसाचं एक पुस्तक, 11 फासे, सहा कोऱ्या कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती भरायचे कागद), डीएमने मागे लपायचा पुठ्ठ्याचा पडदा, मोठा नकाशा आणि फाडून सुटी करायची कार्डं. पात्रं पहिल्या लेव्हलपासून सहाव्यापर्यंत जातात.

पण यातलं काहीच मला डबा विकत घेताना महत्त्वाचं वाटलं नव्हतं, आणि ज्यामुळे आमचा ग्रुप टिकला ते तर मला दीड वर्ष दिसलंच नाही.

मी टॅक्स कन्सल्टंट आहे. 20 तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरून झाल्याशिवाय मला माणसात धरू नये असं घरात सर्वांना माहीत आहे. म्हणून आमचा खेळ 20 नंतरच्या पहिल्या रविवारी, नागपुरात लक्ष्मीनगरला आमच्या हॉलमध्ये, चार ते सात. डीएम मी. खेळणारे पाच: माझे सासरे, म्हणजे बाबा, वीज मंडळातून रिटायर झालेले, माझ्या ऑफिसातला ज्युनिअर, जो खेळातही मला मॅडमच म्हणतो, कॉलेजातला एक मित्र, मिहानमध्ये शिफ्टवर, भाचा, जो इंजिनिअरिंग संपवून सगळे जातात तसा पुण्याला गेला, आणि त्याच्या जागी आलेली शेजारची मुलगी, रेसिडेन्सी करणारी डॉक्टर.

धंदाच हिशोबाचा, त्यामुळे वही ठेवली आहे. 42 महिन्यांत 42 रविवार ठरले, 29 झाले. बुडालेल्या 13 पैकी चार लग्नांनी खाल्ले, तीन माझ्या रिटर्न्सनी, तीन कोणाच्या ना कोणाच्या ड्युटीने, दोन लेकीच्या परीक्षांनी आणि एक मे महिन्यात दुपारभर लाइट नव्हती म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय सहा माणसं एका खोलीत बसवायची म्हणजे ड्रॅगनची गरजच उरत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट ही की 13 पैकी 10 रविवार पहिल्या सव्वा वर्षातच बुडाले. तेव्हा आमचा नियम होता, सगळे येणार असतील तरच खेळायचं. ऐकायला किती प्रेमाचा नियम! एकाने ‘जमत नाही’ टाकलं की बाकीच्यांचा रविवार मोकळा, आणि दोन महिने असे गेले की गोष्ट कुठे थांबली होती तेच कोणाला आठवत नाही. मग वेळ आठवण्यातच जातो, कंटाळा येतो आणि पुढच्या वेळी ‘जमत नाही’ टाकणं आणखी सोपं होतं.

डब्यातलं औषध ‘साइडकिक’ या नावाखाली आहे. नियमांच्या पुस्तकात त्याला थोडीच पानं दिली आहेत. मुळात ती सोय एकच डीएम आणि एकच खेळाडू असेल तर त्याला जोडीदार मिळावा म्हणून केलेली आहे. साइडकिकचे तीन प्रकार, लढणारा, जादू करणारा आणि हुशार हरकाम्या. पूर्ण पात्रापेक्षा हिशोब खूपच कमी, एका कार्डावर मावणारा, आणि पात्रांबरोबर त्याचीही लेव्हल वाढते. आम्ही हरकाम्या घेतला. कार्डावरचं नाव बाबांना उच्चारता येईना म्हणून त्याचं नाव पडलं मारोतराव.

मारोतरावाची खरी किंमत कळली ती ऑगस्टमधल्या एका रविवारी. पाऊस सकाळपासून लागून राहिलेला. मित्राची शिफ्ट बदललेली, डॉक्टर ड्युटीवर, भाचा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आणि तोही दर दोन मिनिटांनी गोठणारा. समोर बाबा आणि ज्युनिअर. साहस सोन्याच्या खाणीतलं. खाणीत उंदीरमाणसं घुसून बसलेली, आणि हा डबा ज्या 2014 च्या नियमांवर आहे त्यांत त्यांना साध्या हत्याराने काही होत नाही, जादूचं तरी लागतं किंवा चांदीचं. बाबांच्या बुटक्या धर्मगुरूच्या हातात साधी लोखंडी गदा.

“चांदी लागते होय? मग इतवारीच्या सराफ्यात जाऊन येतो ना,” बाबा उठायलाच निघाले.

ज्युनिअर म्हणाला, “मॅडम, भांडत नाही. मी त्यांच्याशी हिशोबाचं बोलतो.” त्याच्या चोराने उंदरांना खाणीतल्या सोन्यात वाटा देऊ केला. किती? तीन टक्के. सोन्यावर जीएसटी तेवढाच आहे म्हणे. हरकाम्या साइडकिकला आपली चाल शिल्लक ठेवूनही दुसऱ्याला मदत करता येते, आणि मदत मिळाली की वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. डब्यात वीसवाले फासे दोन दिले आहेत ते याचसाठी. मारोतराव मध्ये पडले, फासे पडले, चार आणि सतरा. उंदीर पटले. नंतर दोन तास नुसती घासाघीस चालली आणि आमच्या 29 सेशनमधलं ते अजूनही पहिल्या तीनात आहे. त्या दिवशी वहीत नवा नियम लिहिला: दोन खेळाडू आले तरी खेळायचं. बाकीच्यांचं पात्र त्या दिवशी गावातल्या खानावळीत तापाने पडून असतं.

दुसरा उपयोग तर डबा बनवणाऱ्यांनाही सुचला नसेल. या किटमध्ये तयार पात्रं नाहीत, प्रत्येकाने आपलं बनवायचं. आमचं पहिलं सेशन पूर्ण त्यातच गेलं आणि त्यात मजा आली, पण मध्येच येणाऱ्या नव्या माणसाला अडीच तास शीट भरायला लावली तर तो परत येत नाही. (आला नाही. एकजण. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.) म्हणून डॉक्टरला पहिल्या दिवशी मारोतरावाचं कार्ड हातात दिलं. “मावशी, एवढंच?” म्हणाली, आणि 10 मिनिटांत खेळायला लागली. तिसऱ्या वेळी स्वतःचं पात्र तिनेच मागून घेतलं.

साहसाची बांधणीही विसकळीत ग्रुपला मानवणारी आहे. फॅन्डलिन नावाचं गाव, गावात कामांचा फलक, फलकावर आधी तीन कामं. त्यातली दोन उरकली की नवी लागतात. कुठलं कधी करायचं ते खेळाडू ठरवतात आणि बहुतेक कामं एकदोन बैठकींत संपतात, त्यामुळे ‘मागच्या वेळी मी नव्हतो’ याने फारसं अडत नाही. अनुभवाचे गुणही मोजायचे नाहीत. कामं झाली की लेव्हल वाढते, म्हणजे गैरहजर माणूस मागे पडत नाही. गावचा प्रमुख ड्रॅगनच्या भीतीने दार न उघडता आतूनच बोलतो. त्याच्यासाठी आवाज काढायला मला सरावच करावा लागला नाही, अशी बंद दारं आमच्या धंद्यात रोज भेटतात.

याच बांधणीमुळे जुलै वाचला. जुलैअखेर रिटर्न्सची घाई, पहिल्या वर्षी तो रविवार मी सरळ रद्द केला होता. दुसऱ्या वर्षी मित्राने झापलं, “तू बिझी म्हणून आम्ही काहून बंद ठेवायचं बे? एक काम दे, मी चालवतो.” एका कामाची चारपाच पानं त्याने जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि चालवलं. बरं चालवलं असावं, कारण आतल्या खोलीत फॉर्म भरताना मला बाबांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. एकच लांबलचक सलग गोष्ट असती तर हे जमलं नसतं.

आता तक्रारी.

सुरुवातीच्या तीनपैकी एका कामात पवनचक्कीवर मँटिकोर येतो, सिंहाचं अंग, माणसाचं तोंड, शेपटीला काटे. पहिल्या लेव्हलच्या पात्रांनी लढायचं म्हटलं तर दोन फेऱ्यांत आडवी होतात. तो बोलतो, भुकेला आहे, त्याच्याशी सौदा करता येतो. पण नवीन खेळाडूला हे कळणार कसं? मीही इशारा दिला नाही, चूक माझीच. दोघं बेशुद्ध पडल्यावर भाच्याने ओरडून त्याला मटण देऊ केलं. कोणतं, म्हणून मी विचारलं, तर म्हणे सावजी. मँटिकोर डोळे पुसत निघून गेला. पहिल्यांदा चालवणाऱ्यांनी ते काम दुसऱ्या लेव्हलनंतर ठेवावं.

पात्रांची निवड तोकडी आहे. माणूस, एल्फ, बुटका, हाफलिंग, पेशे पाच. भाच्याला ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा, व्हायचं होतं, तो डब्यात नाही. शेवटी एसआरडी 5.1 हा मूळ नियमांचा संग्रह कामी आला, जो 2023 च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. त्यात बाराही पेशे आहेत, फुकट. 2024 मध्ये नियमांची सुधारित पुस्तकं आली, हा डबा त्याआधीच्या नियमांवर आहे. आमचं त्यावाचून काही अडलं नाही.

आणि फासे. चार बाजूंच्या फाशाला आमच्याकडे शिंगाडा म्हणतात. तळ्यातला शिंगाडा पाहिलेल्याला का ते सांगायला नको. जखम भरायच्या औषधाला शिंगाडे दोन लागतात, डब्यात एकच. तो दोनदा टाकायचा, हेही चाललं असतं, पण एका रविवारी तो दिवाणाखाली गेला आणि तिथून कुठे गेला ते दिवाण सरकवूनही कळलं नाही. हल्ली आम्ही सहा बाजूंचा टाकतो, पाच किंवा सहा आला की परत. पाचपैकी अर्धा गुण मी यासाठीच कापते. आणखी अर्धा कार्डांसाठी: पातळ आहेत, फाडताना जपा, आणि पोह्यांची प्लेट दुसऱ्या टेबलावर ठेवा. तर्री पुसली जात नाही.

ग्रुप कसा टिकवायचा याबद्दल डब्यात चकार शब्द नाही. तारीख ठरलेली असू द्या, दर महिन्याला ‘कोणाला कधी जमतं’ विचारत बसू नका, सात म्हणजे सात वाजता उठा, हे सगळं आम्हाला 10 रविवार घालवून कळलं.

गेल्या महिन्यात ड्रॅगन संपला. एप्रिलचा रविवार, बाहेर 43, आत कूलरची घरघर आणि गोष्टीत बर्फाचं शिखर. भाचा चुलतबहिणीच्या लग्नाला आला होता, त्यामुळे कितीतरी दिवसांनी पाचही जण समोर. पांढरा ड्रॅगन थंडीचा श्वास सोडतो तेव्हा आठ बाजूंचे 10 फासे टाकायचे असतात. डब्यात आठवाला एक. मी एकच फासा दहादा टाकला, ज्युनिअर कॅल्क्युलेटरवर बेरीज करत गेला. सातव्या फेकीनंतर कोणी बोलेना. बेरीज 51. बाबांचा बुटका पडला, एल्फ पडली. बाबांनी चष्मा काढला, शीटकडे पाहिलं आणि म्हणाले, “मारोतराव उभा आहे ना?”

मारोतराव खडकाआड होता म्हणून वाचला. चालायची पाळी त्याचीच होती आणि त्याचं कार्ड त्या दिवशी कोणाकडेच नव्हतं, टेबलाच्या मधोमध पडलेलं. डॉक्टरने ते उचललं. जवळचं शेवटचं औषध त्याने बुटक्याच्या तोंडात ओतलं, म्हणजे दोन शिंगाडे अधिक दोन, म्हणजे सहावाला फासा. पहिल्यांदा सहा आला, परत टाकला.

डबा सध्या डॉक्टरच्या होस्टेलवर आहे, तिथे चौघांनी नवीन सुरू केलंय, ड्युट्या चौघांच्याही वेगवेगळ्या. मारोतरावाचं कार्ड तेवढं बाबांनी काढून ठेवलं आहे. होस्टेलवाल्यांनंतर डबा हवा असेल तर सांगा, देईन. शिंगाडे आपले आपण आणायचे, दोन.