चॅम्प ५एफ१ की डीलक्स ५ई३?

जुन्या फेंडर गिटार अ‍ॅम्पची प्रतिकृती घरी बांधायचं मनात आलं की बहुतेकांची गाडी या दोन ट्वीड (कापडी आवरणाच्या जुन्या अ‍ॅम्पच्या) सर्किटांपाशी अडते. मी दोन्ही बांधलेत. मोजमाप म्हणाल तर माझे कान, तेवढंच.

पहिलाच अ‍ॅम्प असेल तर ५एफ१ला नावं ठेवायला जागा नाही. ट्यूब तीनच: प्रीअ‍ॅम्पला (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला) एक १२एएक्स७, स्पीकर चालवायला एक ६व्ही६, एसीचा डीसी करायला ५वाय३ रेक्टिफायर; आणि एकच नॉब. सोल्डरिंग चुकलं तरी शोधायच्या जागाच मोजक्या. पाचेक वॉटचा असल्यामुळे व्हॉल्यूम वर नेऊन त्याला खरखरवता येतं, घरचे फारसे बोलत नाहीत.

माझं बिनसलं ते हमवरून, म्हणजे स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीवरून. व्हॉल्यूम शून्यावर आणला, हम तसाच. प्रीअ‍ॅम्पची ट्यूब उपसली, तरी तसाच. म्हणजे पुरवठ्यातलाच रिपल, डीसीत उरलेली एसीची लहर. ५० हर्ट्झच्या मेन्सवर (घरच्या विजेवर) तो १०० हर्ट्झला येतो, आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी असतो ९८ला. तो सूर हळू आवाजात लांबवला की सेकंदाला दोन हेलकावे येतात, गिटार उतरल्यासारखे. एकदा कानात बसले की जात नाहीत. ही लहर सपाट करणारा पहिला फिल्टर कपॅसिटर १६ मायक्रोफॅरडचा होता, तो २२चा केला. फरक पडला, समाधान झालं नाही. फार मोठा घालावा तर ५वाय३ला सोसत नाही. चोक (लहर अडवणारी तारेची गुंडाळी) बसवता येतो, पण त्या चिमुकल्या चेसिसमध्ये त्याला जागा करता करता साधेपणाची मजाच जाते. कदाचित माझी वायरिंगही थोडी कारणीभूत असेल, नाही म्हणत नाही.

५ई३मध्ये दोन ६व्ही६ पुश-पुलमध्ये, म्हणजे एकमेकींच्या उलट्या, चालतात, त्यामुळे तोच रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्यांत समोरासमोर येऊन बराचसा कटतो. फिल्टर मूळचे १६चेच ठेवले, तरी तिसऱ्या फ्रेटवरचा जी सरळ वाजला.

दुखणं त्यालाही आहे. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन आवाज आवरणं) नाही, एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल नेणारे कपलिंग कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे. हमबकर (दोन कॉइलचा, जाड आवाजाचा पिकअप) असलेली गिटार लावून व्हॉल्यूम चढवला की खालच्या तारांचा चिखल होतो. पण पहिल्या ट्यूबनंतरचे दोन कपॅसिटर ०.०२२ केले आणि काम झालं. सोल्डरचे चार डाग काढायचे, चार द्यायचे. याला दोन चॅनेल, त्यांचे दोन व्हॉल्यूम एकमेकांत लुडबुड करतात, ज्या चॅनेलमध्ये गिटार नाही त्याचा नॉब फिरवला तरी टोन बदलतो. काहींना याचा वैताग येतो, मला मात्र हा फुकटचा तिसरा नॉब वाटतो. बारा-पंधरा वॉट घरात जास्तच होतात, हे मान्य.

बाकी दोन्हीकडे सारखंच: पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या मेन्सच्या व्होल्टेजचा घ्या, नाहीतर ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्टच्या वर जातं. मूळ नकाशात मेन्सपासून चेसिसला जोडलेला कपॅसिटर दिसेल. तो गाळा आणि तीन पिनांचं अर्थिंग द्या, त्याला डेथ कॅप उगाच म्हणत नाहीत. बंद केल्यावरही फिल्टरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट असू शकतात. आधी डिस्चार्ज, मग हात.

माझा ५एफ१ हल्ली भाच्याकडे असतो. हम अजिबात ऐकू येत नाही म्हणतो. मी त्याला तो जी अजून वाजवून दाखवलेला नाही.